गुण आला का? मूल्याधारित आरोग्यसेवेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघांत, बचत गटांत आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर मी गेली काही वर्षं 'आपल्या राष्ट्रीय आरोग्य व्यवस्थेत मूल्याधारित सेवा' या विषयावर बोलते आहे. सभा कोथरूडला असो की येरवड्याला, प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. जिथे माझं स्वतःचं मत आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

'मूल्याधारित आरोग्यसेवा' म्हणजे नक्की काय?

नाव अवघड आहे आणि मराठीत थोडं फसवंही आहे. 'मूल्य' म्हटलं की कुणाला किंमत आठवते, कुणाला शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास. इथे या दोन्हींपैकी काहीच नाही. पण नेमका अर्थ सांगणारा शब्द आपल्या घराघरांत आहे, तो म्हणजे गुण. 'औषधाला गुण आला', 'त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' असं आपण सहज बोलतो. पेशंटला किती गुण आला आणि तो येईपर्यंत एकूण खर्च किती झाला, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहणं म्हणजे मूल्य पाहणं.

मायकेल पोर्टर आणि एलिझाबेथ टायसबर्ग या अमेरिकी अभ्यासकांनी २००६ मध्ये ही मांडणी ठळकपणे पुढे आणली. मूळ विचार मात्र त्याहून बराच जुना. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आग्रह धरला होता की ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटचा पुढे माग काढावा, त्याचं शेवटी काय झालं ते लिहून ठेवावं आणि चुकाही लपवू नयेत. सहकाऱ्यांना ते अजिबात रुचलं नाही.

यात गुण ठरतो तो पेशंटच्या बाजूने. मोतीबिंदूची किती ऑपरेशनं झाली, हा झाला आकडा. आजींना सुईत दोरा ओवता येतो का, येणाऱ्या पीएमपीच्या बसचा नंबर वाचता येतो का, हा झाला गुण.

मग सध्या काय मोजलं जातं?

काम मोजलं जातं. किती ओपीडी, किती ऑपरेशनं, किती खाटा, किती दावे मंजूर. पैसेही त्याच हिशेबाने मिळतात. खासगीत प्रत्येक तपासणीचे वेगळे, सरकारी योजनेत ठरलेल्या पॅकेजचे. पेशंट घरी गेल्यावर त्याचं काय झालं, याचा पैशाशी काही संबंध उरत नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या खासगी रुग्णालयांमधल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियन होती, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. बायकांची शरीरं दवाखान्याच्या पाटीप्रमाणे बदलत नाहीत. खासगीत अवघड केसेस जास्त जातात, काही जणी स्वतःहून मागतात, हे सगळं धरलं तरी एवढी तफावत उरते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. तिथेही हेच होतं. पिशवी काढली की ऑपरेशनचे पैसे मिळतात. अंगावरून पांढरं जाण्यावर गोळ्या देऊन, धीर देऊन, महिन्याभराने परत तपासलं तर जवळजवळ काहीच मिळत नाही. त्यात ऊस तोडणाऱ्या बाईला पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही.

हा एकेका डॉक्टरच्या चांगुलपणाचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. पैसा ज्या वाटेने वाहतो, त्याच वाटेने काम वाहत जातं.

चांगल्या हेतूच्या नियमांचंही असंच होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. फार महत्त्वाचा नियम आहे, पुण्यात हजारो कुटुंबांना त्याचा आधार आहे. पण तो खाटा मोजतो. खाटेवरचा माणूस पुढे कामावर परतला का, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही.

पण आपल्याकडे 'राष्ट्रीय आरोग्य व्यवस्था' आहे तरी कुठे?

हा प्रश्न एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारला होता आणि तो अगदी रास्त आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्येच सरकारने चालवलेल्या, सर्वांसाठी खुल्या सेवेचा आराखडा दिला होता. तो पूर्णपणे प्रत्यक्षात आला नाही. आरोग्य हा राज्यांचा विषय राहिला आणि खासगी क्षेत्र वाढत गेलं. आज पुण्यात महापालिकेचे दवाखाने आहेत, कमला नेहरू रुग्णालय आहे, राज्य सरकारचं ससून आहे, कामगारांसाठी ईएसआय, केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस, लष्कराची रुग्णालयं, धर्मादाय ट्रस्ट, गल्लीगल्लीतले फॅमिली डॉक्टर आणि काचेच्या इमारतींमधली मोठी खासगी रुग्णालयं. या सगळ्यांवरून महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचं छत्र.

यातून एका पेशंटचा प्रवास कसा होतो ते पाहा. धुणीभांडी करणारी पन्नाशीची बाई. महापालिकेच्या दवाखान्यात तिला शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. पण सकाळी ओपीडीच्या वेळेत ती कामावर असते, म्हणून पुढे गोळ्या घराजवळच्या डॉक्टरांकडून, पैसे असतील तेव्हा. पायाला चप्पल लागून जखम झाली. ड्रेसिंग तिसरीकडे. जखम चिघळली, मग ससून. पायाची बोटं काढावी लागली. ऑपरेशन नीट झालं, टाके नीट सुकले, डिस्चार्ज कार्ड मिळालं. प्रत्येकाच्या रजिस्टरात 'काम पूर्ण'. बाईचं काम मात्र सुटलं.

इथे कुणा एकाची चूक दाखवता येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. मूल्याधारित पद्धतीत मधुमेह झालेल्या माणसाची वर्षभराची सगळी काळजी हे एकच काम मानतात. तपासणी, गोळ्या, दरवर्षी पायाची संवेदना पाहणं, योग्य चप्पल, जखम झालीच तर तीन दिवसांच्या आत कुणाकडे जायचं हे ठरलेलं असणं, हे सगळं त्यात आलं. मग यशाचं माप एकच राहतं: पाय शाबूत आहे ना?

सरकारी पातळीवर काही सुरू झालं आहे का?

हो, कागदावर तरी चांगली सुरुवात आहे. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने जाहीर केलं की योजनेतल्या रुग्णालयांची कामगिरी पाच गोष्टींवर पाहिली जाईल: लाभार्थ्यांचं समाधान, पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण, पेशंटला खिशातून द्यावा लागलेला खर्च, खऱ्या ठरलेल्या तक्रारी, आणि उपचारानंतर पेशंटच्या जगण्याच्या दर्जात झालेली सुधारणा. शेवटचा निकष वाचून मला मनापासून आनंद झाला होता. 'गुण आला का' हा प्रश्न सरकारी भाषेत पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे आला होता.

तोपर्यंत जादा दर मिळायचा तो एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन असलेल्या रुग्णालयांना. मानांकन चांगलंच, पण ते मुख्यतः व्यवस्था, प्रक्रिया आणि कागदपत्रं पाहतं.

महाराष्ट्रात ही वाट आधीपासून थोडी तयार आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ मध्ये महात्मा फुले यांच्या नावाने पुढे आली. तिच्या प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात पेशंटना मदत करायला आरोग्यमित्र बसतो. माझ्या मते या सगळ्या बदलातला सर्वांत कमी वापरला गेलेला माणूस तोच आहे. त्याच्याकडे पेशंटचा फोन नंबर असतो आणि पेशंट त्याला ओळखत असतो.

गुण मोजायचा कसा? तो काय थर्मामीटरने दिसतो?

विचारून. एवढं साधं आहे, आणि म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

इंग्लंडच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, एप्रिल २००९ पासून खुब्याचा सांधा बदलणं, गुडघा बदलणं, हर्निया आणि पायाच्या फुगलेल्या शिरा अशा चार ऑपरेशनांसाठी पेशंटकडून प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात केली. एकदा ऑपरेशनच्या आधी आणि एकदा काही महिन्यांनंतर. चालता येतं का, अंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः होतात का, रोजची कामं जमतात का, दुखतं किती, मन उदास आहे का. या पाच प्रश्नांची जी प्रश्नावली जगभर चालते, तिच्या उत्तरांना कुठे किती वजन द्यायचं याचा भारतीय लोकांना विचारून काढलेला हिशेबही आता उपलब्ध आहे. साहेबांच्या पसंतीवर आपला गुण मोजायची गरज उरलेली नाही.

तरी मी आणखी दोन प्रश्न जोडीन. मांडी घालून बसता येतं का, आणि उकिडवं बसता येतं का. गुडघा बदलल्यावर पाश्चात्त्य प्रश्नावलीत पूर्ण मार्क मिळवणाऱ्या आजी पंगतीला खुर्ची मागतात आणि गावाकडच्या संडासाच्या भीतीने लग्नाला जाणं टाळतात. एका आजींना मी विचारलं, 'तुमच्या मते ऑपरेशन यशस्वी कधी?' त्या म्हणाल्या, 'माउलींबरोबर दिवे घाट चढले की.' त्यांचं माप त्यांनी ठरवलं होतं. सर्जनने ते ऑपरेशनच्या आधी ऐकलं असतं तर ते शक्य आहे की नाही, हेही आधीच सांगता आलं असतं.

हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हटलं की मी दोन उदाहरणं देते. क्षयरोग कार्यक्रमात आपण कित्येक वर्षं प्रत्येक पेशंटचा शेवट नोंदवतो आहोत: बरा झाला, उपचार पूर्ण केले, सोडून गेला, दगावला. दुसरं उदाहरण शेजारच्या साताऱ्याचं. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाला, त्यांत सातारा आहे. तिथे किती जणांना गोळ्या वाटल्या यावर न थांबता, नोंदणी झालेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब १४० आणि ९० च्या खाली आला, हे पाहतात. मोठी यंत्रं नाहीत. नर्स, आशाताई, मोबाइल आणि नियमित गोळ्या.

असा गुण मोजून रुग्णालयांची तुलना केली, तर ससूनसारखी रुग्णालयं तळाला जाणार नाहीत का?

जातील, जर तुलना आंधळी असेल तर. ससूनला पेशंट येतो तो बहुतेकदा दोन-तीन ठिकाणं फिरून, पैसे संपवून, उशिरा. तिथला मृत्युदर आणि आधी फोन करून अपॉइंटमेंट घेतलेल्या पेशंटांच्या रुग्णालयातला मृत्युदर शेजारी शेजारी ठेवणं हा अन्याय आहे. म्हणून पेशंट किती आजारी अवस्थेत आला, वय काय, सोबत कोणते आजार, घरची परिस्थिती काय, हे आधी हिशेबात धरावं लागतं.

अमेरिकेत याची किंमत मोजून झाली आहे. २०१२ पासून मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने, पेशंट ३० दिवसांत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांचे पैसे कापायला सुरुवात केली. दंड जास्त बसला तो गरीब वस्त्यांतल्या रुग्णालयांना, कारण घरी गेल्यावर तिथल्या पेशंटकडे औषधांना पैसे नसतात आणि बघायला माणूस नसतो. पुढे नियम बदलून सारख्या परिस्थितीतल्या रुग्णालयांची आपसांत तुलना सुरू झाली. आपण ही चूक करून मग शिकायची गरज नाही.

म्हणजे गुण आला नाही तर डॉक्टरांचे पैसे कापायचे?

सुरुवातीला तरी नाही, असं माझं ठाम मत आहे. आधी मोजावं, मोजलेलं डॉक्टरांनाच दाखवावं, मग लोकांना. पैसा सगळ्यांत शेवटी.

स्वीडनने खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७९ मध्ये सुरू केली. कुठला सांधा, कुठल्या पद्धतीने बसवला, किती वर्षांनी पुन्हा ऑपरेशन लागलं. दंड नव्हता. आपल्या विभागाचे आकडे पाहून सर्जननी स्वतःच पद्धती आणि सांधे बदलले, आणि पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण घटत गेलं. आपली चूक आपल्याच नोंदीत दिसली की चांगला डॉक्टर अस्वस्थ होतो, ती सुधारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

पैसा जोडल्याचंही उदाहरण तिथलंच आहे. स्टॉकहोममध्ये २००९ पासून सांधेबदलाच्या ऑपरेशनला एकच ठोक रक्कम दिली जाऊ लागली, आणि त्यातच पुढच्या गुंतागुंतीची हमी. गुंतागुंत कमी झाली, खर्चही उतरला. पण ही योजना मुळातच तब्येतीने बऱ्या असलेल्या पेशंटांपुरती होती. हीच गोष्ट सगळ्यांना लावली तर अवघड केसला 'आमच्याकडे सोय नाही, ससूनला न्या' हे उत्तर मिळू लागेल. पुण्यातल्या किती नातेवाइकांनी रात्री अॅम्ब्युलन्समध्ये बसून हे वाक्य ऐकलं आहे, ते वेगळं सांगायला नको.

हे खर्च कापण्याचं गोंडस नाव तर नाही?

तसा गैरवापर होऊ शकतो, म्हणून हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारला जायलाच हवा. स्वस्त म्हणजे मूल्य नव्हे. २०१७ मध्ये सरकारने हृदयातल्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या सांध्याच्या किमतींवर मर्यादा घातली. तो निर्णय चांगलाच होता, लाखाच्या वरचा, औषध लावलेला स्टेंट तीस हजारांच्या आत आला. पण ज्याला स्टेंटची गरजच नव्हती, त्याला तो तीस हजारांत बसवला तरी वायाच गेला. आणि ज्याला खरी गरज होती पण वेळेत पोहोचता आलं नाही, त्याला किंमत उतरून काय मिळालं?

खर्च कुणाचा धरायचा, हेही विचारायला हवं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेले. २०१३-१४ मध्ये हेच प्रमाण ६४.२ टक्के होतं, म्हणजे घट मोठी आहे. पण या हिशेबात बुडालेली मजुरी नसते. मार्केट यार्डातल्या हमालाने पत्नीसाठी आठ दिवस वॉर्डबाहेर सतरंजीवर काढले, तर त्याची आठ दिवसांची हजेरी, वडापाव आणि रिक्षा रुग्णालयाच्या बिलात येत नाही. एकाच तपासणीसाठी तीन चकरा मारायला लावणारी 'मोफत' सेवा त्याच्यासाठी महागच असते. फक्त रुग्णालयाचा खर्च वाचवणारी पद्धत मी मूल्याधारित मानणार नाही.

यात प्रतिबंधाला जागा आहे का, की सगळं रुग्णालयातलंच?

जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे पेशंट अचानक वाढले. आकडा दोनशेच्या वर गेला. पायांतली शक्ती जाणारी माणसं, त्यांतली कित्येक अतिदक्षता विभागात, काही व्हेंटिलेटरवर, इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शनं. डॉक्टर आणि सिस्टर यांनी जिवाचं रान केलं आणि बहुतेक पेशंट घरी परतले. रुग्णालयापुरता गुण मोजला तर निकाल उत्तमच म्हणावा लागेल.

पण तपासण्यांनी बोट दाखवलं ते दूषित पाण्याकडे आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूकडे. एका व्हेंटिलेटरच्या काही आठवड्यांच्या खर्चात विहिरीच्या पाण्यावर किती काळ नीट क्लोरीनची प्रक्रिया झाली असती? युरोपात या विचाराची जी मांडणी झाली, तिच्यात मूल्याचा एक प्रकार खास यासाठीच आहे: सगळ्यांचा पैसा कुठे घातला तर जास्तीत जास्त लोकांना गुण येईल, आणि कुणाला वगळलं जातंय. नव्याने महापालिकेत आलेल्या गावांना शुद्ध पाणी देणं हे माझ्या हिशेबी मूल्याधारित आरोग्यसेवेचंच काम आहे, पाणीपुरवठा विभागाचं असलं तरी.

जो आजार बराच होणार नाही, तिथे गुण कसला मोजणार?

हा प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे वडील त्या वेळी कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात होते. सभागृह शांत झालं होतं.

तिथेच हा विचार मला सगळ्यांत खरा वाटतो. वारज्यात १९९७ पासून कर्करोगाच्या पेशंटांसाठी उपशामक सेवेचं केंद्र चालू आहे. तिथे गुण म्हणजे वेदना आटोक्यात आहे, रात्री झोप लागते, मुलीशी दोन शब्द बोलता येतात, आणि घरच्यांना काळजी कशी घ्यायची ते शिकवलेलं आहे. शेवटच्या महिन्यात आणखी एक केमो, आणखी एक स्कॅन, आयसीयूच्या काचेपलीकडचा निरोप, यांची बिलं आपली व्यवस्था खळखळ न करता भरते. घरी येऊन मॉर्फिनचा डोस ठरवणाऱ्या नर्ससाठी मात्र पैसे शोधावे लागतात. पेशंटला काय हवं आहे हे विचारणं बंधनकारक असतं, तर हा क्रम उलटा झाला असता.

म्हाताऱ्यांचे उपचार नाकारण्यासाठी हे वापरलं जाईल, ही भीतीही याच ताईंनी बोलून दाखवली. ती भीती गैर नाही. म्हणून निर्णयाची सुरुवात पेशंटच्या इच्छेपासून व्हावी लागते, कोष्टकातल्या आकड्यापासून नाही.

माझी माहिती कुणाच्या हाती जाईल?

उपचारांची नोंद जोडण्यासाठी १४ अंकी आभा क्रमांक आहे, आणि तुमची नोंद तुमच्या संमतीनेच पाहिली जावी असा त्याचा नियम आहे. संमती मागितल्यावर न वाचता ओटीपी सांगून मोकळे होऊ नका. कशासाठी हवी आहे, ते विचारा.

डॉक्टर-नर्सवर आणखी कागदांचा बोजा पडेल, नाही का?

पडेल, जर जुनं काहीच न काढता नवं लादलं तर. आशाताई आधीच डझनभर रजिस्टरं भरतात. कुणी न वाचणारी दोन रजिस्टरं बंद करा, मगच एक नवा प्रश्न द्या. आणि त्यासाठी तिला मानधन द्या.

मी साधा पेशंट आहे. उद्या दवाखान्यात जाऊन मी काय करू शकतो?

ऑपरेशन किंवा मोठा उपचार सुचवला गेला तर विचारा: 'हे नाही केलं तर काय होईल?' 'माझ्यासारख्या पेशंटांना तीन महिन्यांनी कितपत फरक पडतो?' 'तुम्ही किंवा तुमच्या टीमने अशी किती केली आहेत?' हे उद्धट प्रश्न नाहीत. चांगले डॉक्टर त्यांची उत्तरं देतात, काही तर खूश होतात. राज्याच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्णालयात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावलेली असायला हवी. ती दिसली नाही तर स्वागतकक्षात मागा. उपचारांचे कागद लेखी मागितल्यावर ७२ तासांत मिळणं हा तुमचा हक्क आहे.

आणि जे मी प्रत्येक सभेत करायला लावते ते करा. दाखल होण्याआधी एका कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहा की बरं झाल्यावर तुम्हाला काय करता यायला हवं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय चढणं, नातवाला कडेवर घेणं, पुन्हा रिक्षा चालवणं, काहीही. तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि फाइलमध्ये लावायला सांगा. डिस्चार्जनंतर तीन महिन्यांनी फेरतपासणीला जाल तेव्हा तोच कागद पुन्हा काढा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. त्यांनी विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा: एवढं जमतंय, एवढं अजून जमत नाही.